समुपदेशकाने स्वतःसाठी थेरपिस्ट निवडताना

मानसशास्त्रात एम. ए. करून समुपदेशनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना आपणही कधी समोरच्या खुर्चीत बसणार आहोत, हे सहसा कोणी सांगत नाही. मनोविश्लेषणाच्या परंपरेत स्वतः थेरपी घेणे ही प्रशिक्षणाची अटच होती. विश्लेषकाने साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे, असे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९३७ साली सुचवले होते. आपल्याकडील प्रशिक्षणात देखरेखीखालच्या कामावर भर असतो, स्वतःची थेरपी मात्र बहुधा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली असते.

नागपुरात खरी अडचण ओळखीची आहे. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालये, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि विद्यापीठाचा विभाग एवढ्या परिघात आपले सगळे गुरू, परीक्षक आणि सहकारी सामावतात. त्यामुळे मी पहिली यादी केली ती कोणाकडे जायचे नाही याची. ज्यांच्या हाताखाली शिकलो, ज्यांच्याकडे रुग्ण पाठवतो किंवा ज्यांची शिफारस पुढे नोकरीसाठी लागू शकते, अशी सर्व नावे मी खोडली, आणि त्यात शहरातली काही उत्तम नावेही गेली. तरीही माझे मत असे की, कौशल्य थोडे कमी चालेल, पण अंतर हवेच; ज्याच्यासमोर आपली व्यावसायिक प्रतिमा सांभाळावी लागते, त्याच्यासमोर आपण रडत नाही.

उरलेल्यांना फोनवरच विचारावे: चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी आहे का, स्वतःच्या कामाचे सुपरव्हिजन (अनुभवी सहकाऱ्याची देखरेख) अजून घेता का, आणि याआधी आपल्या व्यवसायातल्या कोणाला थेरपी दिली आहे का. या प्रश्नांनी जो दुखावतो, त्याचे नाव मी बाजूला ठेवतो.

माझे काम मुख्यतः सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीचे, असल्याने मी मुद्दाम वेगळ्या पद्धतीची थेरपिस्ट निवडली, कारण त्या थेरपीत क्लायंटकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या विचारांच्या नोंदीतला पुढचा प्रश्न मला आधीच पाठ असतो. पहिल्याच भेटीत मी ऐटीत म्हणालो, ‘‘माझं कॅटॅस्ट्रॉफायझिंग वाढलंय.’’ (म्हणजे सगळ्यात वाईट तेच घडणार असे धरून चालणे.) त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘म्हणजे रात्री अंथरुणावर पडल्यावर नेमकं काय होतं?’’ मला बराच वेळ उत्तर सुचले नाही, आणि इथेच यायचे हे तेव्हाच ठरले.

सहव्यावसायिक म्हणून फीमध्ये सवलत देऊ केली, तर ती मी नाकारतो. उपकाराखाली दबलेला माणूस थेरपिस्टवर रागावू शकत नाही, आणि रागावता येणे हा त्या कामाचाच भाग आहे. (पैशांची खरीच ओढाताण असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सवलत स्पष्ट बोलून घ्यावी.) औषधांची गरज वाटल्यास त्यासाठी वेगळा मनोविकारतज्ज्ञ गाठावा; ओळखीच्या डॉक्टरमित्राकडून कॉरिडॉरमध्ये चिठ्ठी लिहून घेऊ नये.

धंतोली-रामदासपेठेतल्या वेटिंग रूममध्ये आपलाच क्लायंट भेटण्याची शक्यता असते, म्हणून वेळ सकाळची पहिली मागावी. पुण्या-मुंबईचा थेरपिस्ट ऑनलाइन घेतल्यास ही भीती टळते, पण घरात दार लावून बोलता येईल अशी खोली लागते. माझ्या ओळखीतले एकजण त्यासाठी अंबाझरी तलावाजवळ गाडी लावून, काचा वर करून बसतात.