ऑडिटर रानात येण्याआधी: वनप्रमाणपत्राच्या तयारीची यादी

रान नीट राखून माल काढला जातो याची साक्ष देणारं प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं की पहिला फोन खरेदीदाराला करा, तपासणीला ऑडिटर पाठवणाऱ्या प्रमाणन संस्थेला नंतर. लाकूड घेणारा बहुधा एफएससी हे आंतरराष्ट्रीय वनप्रमाणपत्र मागतो. हिरडा-बेहडा उचलणाऱ्या औषधी कंपनीला फेअरवाइल्ड हे रानातून गोळा केलेल्या वनस्पतींचं प्रमाणपत्र हवं असतं किंवा एनपीओपी या केंद्र सरकारच्या सेंद्रिय कार्यक्रमाखालची रानमालाची नोंदणी पुरते. पीईएफसी ही एफएससीसारखीच दुसरी आंतरराष्ट्रीय यंत्रणा; तिची मान्यता असलेली देशी योजना एनसीसीएफ या भारतीय संस्थेची. कुणी न मागितलेलं प्रमाणपत्र नुसतं कार्यालयाच्या भिंतीवर टांगलं जातं, आणि त्याचं शुल्क मात्र दरवर्षी भरावं लागतं. जुन्नर-आंबेगावातल्या एका ग्रामसभेला किंवा मुळशीत वीस एकर झाडी राखणाऱ्या एका मालकाला हा खर्च एकट्याने झेपत नाही. चार-सहा जणांनी मिळून गट-प्रमाणपत्र घ्यावं. मात्र गटात एका सभासदाने घोळ घातला की झळ सगळ्यांना बसते. म्हणून गटप्रमुखाने प्रत्येक रानात वर्षातून एकदा स्वतः फेरी मारून लेखी नोंद ठेवायची, आणि नियम न पाळणाऱ्याला गटाबाहेर कसं काढायचं हे आधीच लिहून ठेवायचं.

मग कागद. खाजगी रानासाठी सातबारा, आठ-अ, फेरफार आणि गटनकाशा काढा, आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. तिथे ‘खाजगी वन’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३)ची (खाजगी रानाच्या मालकाला सरकारने दिलेल्या नोटिशीची) नोंद असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. वारसांची नावं लागलेली असतील तर सगळ्यांच्या संमतीच्या सह्या लागतील. मुंबईला गेलेल्या चुलतभावाच्या एका सहीसाठी अर्ज महिनोन्‌महिने अडतो. याआधी झाडं तोडली असतील तर १९६४च्या वृक्षतोड अधिनियमाखालच्या परवानग्या शोधून लावा.

ग्रामसभेच्या बाबतीत २००६च्या वनहक्क कायद्याखाली हातात नेमका कुठला दाखला आहे ते पाहा. चराई, सरपण, वनोपज यांचे सामूहिक हक्क वेगळे, आणि सामूहिक वनसंसाधन राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क वेगळा. प्रमाणपत्राला दुसरा लागतो. २०१२च्या दुरुस्तीनुसार वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. त्याची क्रमांक घातलेली पुस्तकं छापून घ्या. रानाचा काही भाग भीमाशंकर अभयारण्यात पडत असेल तर तो नकाशावर वेगळा दाखवा आणि तिथून काय काढता येतं हे वन विभागाकडून लेखी घ्या.

जमिनीचा इतिहासही तपासला जातो. एफएससीच्या नियमांत ३१ डिसेंबर २०२० ही तारीख महत्त्वाची: त्यानंतर नैसर्गिक रान साफ करून तिथे लागवड किंवा प्लॉटिंग झालं असेल तर तो तुकडा अडचणीत येतो. पुण्याभोवतीच्या डोंगरांवर जेसीबी कुठवर पोचलाय ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ऑडिटर जुनी उपग्रहचित्रं घरूनच पाहून येतो.

सर्वांत जास्त वेळ झाडांच्या मोजणीला द्या. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं, कारण व्यवस्थापन आराखडा सल्लागाराकडून आयता आलेला असतो आणि त्यातले आकडे भलत्याच रानाचे असतात. १०० हेक्टरांत नमुन्यादाखल ०.१ हेक्टरचे २० गोल तुकडे घेतले तर २ टक्के क्षेत्र मोजून होतं. सुरुवातीला तेवढं पुरतं. तुकड्याची त्रिज्या १७.८४ मीटर, पण ती आडव्या अंतराने. सह्याद्रीच्या उतारावर टेप जमिनीलगत धरला की तुकडा लहान पडतो. ३० अंशांच्या उतारावर वर-खाली दिशेने २०.६ मीटर जावं लागतं. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, उताराच्या वरच्या बाजूने मोजा. प्रत्येक तुकड्याच्या मध्याशी २ मीटर त्रिज्येत रोपं मोजा. मध्यावर लोखंडी खुंटी ठोकू नका, ती भंगारात जाते. दगड पुरा आणि जवळच्या दोन झाडांपासूनची अंतरं लिहून ठेवा, कारण दाट झाडीत मोबाइलचं जीपीएस चांगलंच हुकतं.

रोपांचा आकडा विशेषतः हिरड्याला लागतो. बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ. ते सगळं उतरवलं तर बी पडतच नाही. मोठी झाडं भरघोस आणि खाली एकही रोप नाही, असं रान कागदावर कितीही सुंदर दिसलं तरी ते म्हातारं होतंय. म्हणून ठरावीक झाडं खुणा करून पिकायला सोडा. फांदी तोडून फळं काढायची नाहीत, हे संकलकांच्या बैठकीत ठरवून त्याचा ठराव लिहा. एकूण किती माल काढायचा ते मोजणीवरून ठरतं, व्यापाऱ्याच्या मागणीवरून ठरवू नका.

मालाचा हिशेब ओल्या आणि वाळलेल्या वजनात फसतो. संकलकाकडून ओला घेतलेला माल वाळून बराच हलका होतो, आणि वह्यांमध्ये फरक दिसला की बाहेरचा माल मिसळल्याचा संशय येतो. दर हंगामात १० किलो ओला माल वेगळा वाळवून उतारा (वाळल्यावर किती वजन उरतं ते) काढा आणि तोच आकडा सगळ्या हिशेबात वापरा. प्रमाणित माल वेगळ्या गोणीत, वेगळ्या कोपऱ्यात ठेवा.

जपायच्या जागांत देवराई, पाणवठे, ओढ्याकाठची झाडी आणि शेकरूची घरटी येतात. धनेशाच्या ढोलीसाठी जुने बेहडे राखावे लागतात. एफएससीला किमान १० टक्के क्षेत्र संवर्धनासाठी राखलेलं लागतं. देवराईची हद्द गावातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन चालत आखा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, तेव्हा जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून साफ केलेले पट्टे) त्याआधीच तयार हव्यात आणि त्यांच्या मजुरीच्या पावत्या फायलीत.

माणसांबद्दलचे प्रश्न ऑडिटर तुमच्या गैरहजेरीत विचारतो. बाई-पुरुषांना एकाच कामाची वेगळी मजुरी मिळते का, अठराच्या आतली मुलं झाडावर चढतात का, चेनसॉ चालवणाऱ्याला हेल्मेट आणि पायाचं संरक्षण आहे का, हे सगळं निघतं. खाजगी रानातून शेजारची कातकरी वाडी सरपण आणि मध नेत असेल तर ती वहिवाट आराखड्यात लिहा, लपवू नका.

भेटीची तारीख नोव्हेंबर ते जानेवारीत मागा; पावसाळ्यात निम्मे तुकडे गाठता येत नाहीत. मोठी त्रुटी निघाली तर ती मिटल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. मिळाल्यावर एफएससीचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, दरवर्षी तपासणी होते. त्यात मोठी त्रुटी सापडली तर ती मिटवायला साधारण तीन महिने मिळतात, किरकोळ त्रुटीला वर्ष. आणि पाकिटावर प्रमाणपत्राचं चिन्ह छापण्याआधी मजकुराचा नमुना प्रमाणन संस्थेकडून मंजूर करून घ्या. मंजुरीआधी छापलेली पाकिटं वाया जातात.