टायट्रेशनचं सीबीआर येत नसेल तर आधी ब्युरेट बघा

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना (एक सोल्युशन दुसऱ्यात थोडं थोडं सोडून त्याचं प्रमाण काढताना) पायलट, म्हणजे पहिलं अंदाजाचं रीडिंग घेतलं आणि पुढची तिन्ही रीडिंग वेगवेगळी आली, म्हणजे सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, सारखं येणारं रीडिंग) आलंच नाही, की पोरं लगेच केमिकललाच नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा घोळ ब्युरेटमध्येच, म्हणजे सोल्युशन सोडायच्या खुणा केलेल्या उभ्या काचेच्या नळीतच असतो.

१. ज्या सोल्युशनने भरणार त्यानेच ब्युरेट आधी थोडं विसळून घ्या, नुसत्या पाण्याने धुतलेलं राहिलं तर आतलं सोल्युशन पातळ होतं.

२. भरल्यावर खालची तोटी पूर्ण उघडून थोडं सोल्युशन जोरात सोडा, म्हणजे टोकातला हवेचा बुडबुडा निघून जातो. हाच बुडबुडा मधेच निघाला की रीडिंग फुकटचं वाढतं.

३. फनेल काढून ठेवा, त्यातून नंतर थेंब पडतात. हे तर सगळेच विसरतात!

४. डोळा लेव्हलला आणा, मागे पांढरा कागद धरा. पोटॅशियम परमँगनेट असेल तर रंग गडद असल्यामुळे सोल्युशनच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड दिसतच नाही, मग वरची कड वाचायची, आणि सुरुवातीलाही वरचीच, शेवटीही वरचीच.

फक्त एक, कॉनिकल फ्लास्क (ब्युरेटखाली ठेवायचं शंकूसारखं भांडं) मात्र डिस्टिल्ड वॉटरनेच धुवा, पिपेटमधल्या (ठरावीक मापाने सोल्युशन घ्यायच्या नळीतल्या) सोल्युशनने विसळलात तर सोल्युशन जास्तीचं जातं आणि रीडिंग परत चुकतं.