स्पीडरन दाखवताय? या चुका टाळा

गेल्या गणपतीत रात्रीची आरती झाल्यावर आमच्या गल्लीच्या मंडपात प्रोजेक्टरवर सुपर मारिओ लावला. स्पीडरन दाखवायचा होता, म्हणजे घड्याळ लावून गेम जमेल तितक्या लवकर संपवायचा. समोर पोरंटोरं, त्यांच्या आया, दोन-चार काका. मी घरी खेळतो तसाच खेळायला बसलो. पहिल्या लेव्हलला एक उडी चुकली की रिसेट, पुन्हा चुकली की पुन्हा रिसेट. अर्ध्या तासात एकही रन पुरा झाला नाही. पुढच्या खुर्चीतले काका म्हणाले, "परत पहिल्यापासून कशाला करालास रे?" आणि नातवाला घेऊन उठले. ते उठून जाणं मला फार लागलं, कारण हा खेळ त्यांना आवडावा असं मला मनापासून वाटत होतं.

त्याच रात्री खानापूरचा माझा मित्र बसला. त्याने उलटं केलं. प्रत्येक नाणं घे, प्रत्येक कासवावर चार उड्या मार, मध्येच थांबून नाच. पहिली दोन मिनिटं हशा पिकला, मग मंडप पांगला. घड्याळाला काही अर्थच उरला नव्हता, मग बघायचं काय?

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मिनिटभरात चितपट झालेली कुस्ती लोक वर्षभर सांगतात. वीस मिनिटं नुसती खडाखडी होऊन बरोबरीत सुटलेली कुणाला आठवत नाही. वेग हीच रंगत आहे, पण वेग कुठून आला हे बघणाऱ्याला दिसलं तरच.

करामत चुकीच्या जागी

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. गंमत करायची तर गेम स्वतःच तुम्हाला थांबवून ठेवतो तिथे करा. जिथे तुमची प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं प्रत्येक चित्र, मोजली जाते तिथे नाही.

१९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. लेव्हल संपली की पुढची सुरू करायची का, हे हा गेम दर २१ फ्रेमनी एकदाच तपासतो. सेकंदाला साधारण ६० फ्रेम धरल्या तर दर ०.३५ सेकंदाला एकदा. रनर, म्हणजे स्पीडरन करणारे, याला बसची उपमा देतात. आपल्या बेळगावच्या सीबीटी बस स्थानकावरून खानापूरची गाडी ठरल्या वेळीच सुटते. तुम्ही दहा मिनिटं आधी पोचला काय किंवा एक मिनिट आधी, खानापुरात एकाच वेळी उतरणार. गाडी चुकली तर मात्र पुढच्या गाडीपर्यंत उभं राहा. म्हणजे एखाद्या लेव्हलमध्ये तुमच्या हाती पाच-सहा फ्रेम शिल्लक राहत असतील, तर तेवढ्यात एखादी जादा उडी फुकट मिळते. ८-४ मध्ये, म्हणजे शेवटच्या लेव्हलमध्ये, ही सवलत नाही. तिथे शेवटच्या कुऱ्हाडीला हात लागला की घड्याळ थांबतं, त्यामुळे तिथे एक फ्रेमही उधळू नका.

सुपर मारिओ ब्रदर्स ३ मध्ये तर मोकळं रानच आहे. आठव्या जगातले रणगाडे आणि जहाजं यांत पडदा आपल्या गतीने सरकतो. तुम्ही कितीही चपळ असा, लवकर पोचता येत नाही. इथे गप्प उभं राहणं ही चूक. २००३ मध्ये मोरिमोतो या जपानी खेळाडूचा सुमारे ११ मिनिटांचा व्हिडिओ जगभर फिरला, त्यात याच जागा डोळ्यांत भरतात. तोफगोळ्यांवरून उड्या मारत, जमिनीला पाय न लावता तो मारिओचे जादा जीव मिळवत जातो. सेकंद एकही वाया नाही, आणि डोळे पडद्यावरून हलत नाहीत.

याउलट पहिल्या मारिओतली आतषबाजी. झेंड्याला हात लावताना वेळेचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तेवढे बाण उडतात. पोरं टाळ्या पिटतात, पण प्रत्येक बाण वेळ खातो. मुद्दाम उडवू नका. उलट आधीच सांगा, "आता मी हे बाण चुकवणार आहे, बघा आकडा." न उडालेल्या बाणाला टाळी पडते, हे मी स्वतः पाहिलंय.

टूल वापरून केलेलं हाताने केलं म्हणून दाखवणं

मोरिमोतोचा तो व्हिडिओ एम्युलेटरवर (जुना गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) गेम संथ करून, चुकलं की मागे जाऊन बनवलेला होता. अनेकांना तो हातचा खेळ वाटला, आणि खरं कळल्यावर फसवल्याचा राग आला. टूलने केलेल्या रनमध्ये कमीपणा काही नाही, ती वेगळी कला आहे. फक्त सुरुवातीलाच सांगा. हाताने खेळून ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत पहिला मारिओ संपवायला माणसाला २०२१ साल उजाडलं. निफ्त्स्की नावाच्या रनरने ते केलं. त्या मेहनतीचा मान राखायचा तर दोन्ही एका तागडीत घालू नका.

सगळ्यात छोटी कॅटेगरी (रनचा प्रकार) म्हणजे सगळ्यात चांगली, हा समज

सुपर मारिओ वर्ल्डमध्ये ग्लिच (गेममध्ये राहून गेलेली चूक) वापरून थेट शेवटच्या नावांच्या पाटीवर उडी घेता येते. एका मिनिटाच्या आत गेम संपतो. माहितगाराला ते थरारक, पण निपाणीहून आलेल्या पाहुण्याला वाटतं टीव्ही बिघडला. नवीन लोकांसमोर वॉर्प (मधल्या लेव्हल गाळून पुढे नेणारी वाट) वापरणारी, पण ओळखीच्या लेव्हल दिसणारी रन निवडा. ग्लिचची रन नंतर दाखवा, तीही सांगून.

न बोलणं, किंवा फक्त इंग्रजीत बोलणं

आखाड्यातला निवेदक काय करतो? मल्ल कोण, तालीम कुठली, आता कुठला डाव पडतोय, हे डाव पडायच्या आधी सांगतो. तुम्हीही अवघड जागेच्या दहा सेकंद आधी बोला. नंतर सांगितलेला डाव वाया जातो. आपल्याकडे समोर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे बसलेले असतात, म्हणून शेजारी दोन्ही भाषा येणारा सोबती बसवा. खेळणाऱ्याने हात सांभाळावेत, बोलण्याचं काम सोबत्याचं.

लोकांसमोर विक्रमाच्या मागे लागणं

रिसेट घरी. मंडपात सुरू केलेली रन पुरी करायचीच. गेम्स डन क्विक या स्पीडरनच्या कार्यक्रमाच्या मंचावरही रनर धोक्याच्या जागी जरा हळू पण खात्रीची वाट धरतात. मी आता दोन अवघड उड्या धोक्याच्या ठेवतो, बाकी सगळ्या खात्रीच्या. चार-पाच सेकंद जातात, जाऊ देत.

घरी जमतं, तिथे जमत नाही?

हात बिघडला असं धरण्याआधी जोडणी बघा. प्रोजेक्टर आणि मोठे टीव्ही चित्र उशिरा दाखवतात. टीव्हीवर गेम मोड असेल तर चालू करा. नाहीतर स्वतःसाठी छोटा मॉनिटर घ्या आणि मोठा पडदा लोकांसाठी सोडा. एम्युलेटर पॅलवर आहे का तेही तपासा. पॅल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धती. पॅलमध्ये सेकंदाला ५० फ्रेम, एनटीएससीमध्ये सुमारे ६०, त्यामुळे एकावर बसलेला हात दुसऱ्यावर चुकतोच. आमच्या मंडपात नेमकं हेच झालं होतं. घरी आल्यावर सेटिंग उघडलं तर पॅलवर खूण होती. पुढच्या शनिवारी त्याच काकांच्या घरी, त्यांच्या टीव्हीवर, सेटिंग बदलून पुन्हा खेळलो. ८-४ येईपर्यंत काका जागचे हलले नाहीत, आणि नातू कुऱ्हाडीकडे बोट दाखवत उभाच होता.