चिलट ओळखायचं तर फोटो पंखांचा काढा

नुसता वरून काढलेला फोटो पुरत नाही. तीन हवेत: बाजूने, समोरून डोळे आणि मिशा दिसतील असा, आणि पसरलेल्या पंखाचा. चिलट डबीत घालून फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवा, मग पांढऱ्या कागदावर मिलिमीटरच्या पट्टीशेजारी ठेवा. प्रकाश तिरका पाडा. समोरून फ्लॅश मारला की पंख चकाकतो आणि शिरा पुसल्या जातात. खरी ओळख तर शिरांतच असते.

पंखाच्या मध्यावरून निघालेली शीर टोकाकडे घंटेच्या आकारात दुभंगलेली, पाय लांब आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या असतील, तर ते कुंडीतल्या ओल्या मातीतलं चिलट. पुढच्या कडेला दोन-तीन जाड शिरा, बाकीच्या पुसट आणि पाठीला कुबड, तर फोरिड नावाची माशी. ही उडण्याआधी तुरुतुरु पळते. केसाळ, पानाच्या आकाराचे पंख म्हणजे मोरीतली माशी. फळमाशीचे डोळे बहुधा लाल असतात, पण मेल्यावर ते काळवंडतात. म्हणून जुन्या नमुन्यात रंगावर विसंबू नका, मिशीवरचा पिसासारखा फाटे फुटलेला केस शोधा.