सेकंडहँड पोर्शे ९११ घ्यायची आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर खरंच वापरायची, तर काय काय करायचं

पॉवर किती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात म्हणून तो लगेच संपवतो. ९९२ पिढीच्या (२०१९ ते २०२४ च्या) साध्या कॅरेरात, म्हणजे ९११ च्या मूळ मॉडेलात, ३ लिटरचं ट्विन टर्बो, सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ३८५ पीएस, शून्य ते शंभर साधारण ४.२ सेकंद, टॉप स्पीड २९३. आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर लिमिट १००, घाटात ६०, समृद्धीवर १२०, आणि कॅमेरे सगळीकडे. म्हणजे पॉवर गरजेपेक्षा खूपच जास्त आहे हे पहिल्या दिवशीच कळतं आणि नंतर रोज डोक्यात राहतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात, तेल किती तापलंय, टायर किती जुने आहेत आणि समोरचा स्पीडब्रेकर किती उंच आहे. या तीन गोष्टी जमल्या की ही गाडी रोज ऑफिसला नेता येते, आणि न्यावीच असं माझं ठाम मत आहे.

आधी खरेदी. नवीन इंपोर्टेड गाडीवर कस्टम ड्युटी शंभर टक्क्यांच्या वर, त्यावर जीएसटी, आणि महाराष्ट्रात इंपोर्टेड गाडीला रोड टॅक्स २० टक्के (त्याची कमाल मर्यादा २० लाख होती, २०२५ मध्ये ती ३० लाख केली). हा सगळा मार पहिल्या मालकाने खाल्लेला असतो म्हणून चार-पाच वर्षं जुनी गाडी घेणं शहाणपणाचं. पण स्वस्त दिसली म्हणून परराज्यातली गाडी उचलायला जाऊ नका, आधी हिशोब मांडा, तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे परत भरायचा टॅक्स, तिकडून रिफंडसाठी हेलपाटे, हे धरून किंमत बघा. कागदांमध्ये आरसी आणि इन्शुरन्स तर सगळेच बघतात, तुम्ही कस्टमचं बिल ऑफ एंट्री आणि बँकेचा बोजा उतरलाय का तेही बघा. आणि चासी नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, दलालाने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

गाडीची तपासणी ज्याला ९११ माहितीये अशाच माणसाकडून करून घ्या. या गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन किती वेळा रेडलाइनच्या (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या) पलीकडे गेलं ते नोंदवून ठेवतो, त्याला ओव्हर-रेव्ह रिपोर्ट म्हणतात, तो मागायचाच, विशेषतः मॅन्युअल गिअरवाली असेल तर, कारण पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला की तिथे त्याची खूण राहते. २००९ च्या आधीची साधी कॅरेरा बघत असाल तर आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) आणि सिलिंडरच्या आतले ओरखडे हे दोन प्रश्न आधी सोडवा, नाहीतर ती गाडी सोडून द्या, इंजिन उघडायला लागलं तर खर्च गाडीच्या किमतीच्या गप्पा मारायला लागतो. किलोमीटर कमी आहेत म्हणून हुरळून जाऊ नका. दहा वर्षांत आठ हजार किमी चाललेली गाडी मला तरी चांगली वाटत नाही, रबर सुकलेलं, सील कडक झालेले, टायर जुने, बॅटरी मेलेली. दरवर्षी सर्व्हिस झालेली चाळीस हजारवाली मी डोळे झाकून आधी बघीन. आणि सगळे पैसे गाडीतच घालू नका, पहिल्या वर्षासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करा, टायर, ब्रेक फ्लुइड, बॅटरी हे बहुतेक वेळा लगेच निघतंच.

आता रोजचं. सकाळी गाडी सुरू केली की उभ्या उभ्या तापवत बसू नका, अर्ध्या मिनिटात निघा, पण हळू. पाण्याचा काटा पटकन ९० वर येतो आणि माणसाला वाटतं झालं तयार, पण तेल अजून मागे असतं, डिस्प्लेवर तेलाचं तापमान वेगळं दिसतं तेच बघायचं, ते ८०-९० च्या घरात येईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या वर इंजिन न्यायचं नाही. टर्बोच्या दांड्याला आणि बेअरिंगला पातळ झालेलं तेल हवं असतं, थंड घट्ट तेलावर जोर दिला की झीज तिथेच होते. तसंच शेवटी, घाट जोरात चढून आलात की शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या म्हणजे टर्बो निवतो. गाडी बंद केल्यावर मागचा पंखा चालू राहिला तर वॉचमन पळत येऊन सांगेल की साहेब गाडी चालू राहिली, राहू दे, तो आपोआप थांबतो. तेलाला डिपस्टिक नसते, लेव्हल स्क्रीनवरच बघायची, महिन्यातून एकदा बघा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचा एक डबा घरी ठेवा, गावाकडच्या दुकानात तो मिळणार नाही.

ट्रॅफिकमध्ये पीडीके गिअरबॉक्सला (पोर्शेचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) इंच इंच सरकवणं आवडत नाही. ब्रेक अर्धवट दाबून गाडी रांगवत ठेवली की क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो, हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत तर विचारूच नका. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदम जा आणि पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. अजून एक, पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात आणि त्या तोंडांमधून सुकी पानं, धूळ, प्लास्टिकच्या पिशव्या आत जाऊन बसतात, पावसाळ्यात त्याचा चिखल होतो आणि मग जाळी आतून गंजते. सर्व्हिसला दिली की बंपर काढून साफ करायला सांगायचं, सांगितल्याशिवाय फार कोणी करत नाही.

स्पीडब्रेकर. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, तसा असेल तर ९११ आरामात जाते. पण गल्लीत आणि गावात जे लोकांनी स्वतः बांधलेले असतात ते अर्धा मीटर रुंद आणि उंचीला काही धरबंध नाही. ९११ चा फायदा एकच, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिलिमीटर म्हणजे आखूड आहे त्यामुळे पोट सहसा टेकत नाही, टेकतं ते पुढचं नाक. म्हणून सेकंडहँड बघताना फ्रंट अ‍ॅक्सल लिफ्ट आहे का हे रंगाच्याही आधी विचारा, बटण दाबलं की नाक साधारण ४० मिलिमीटर वर येतं, आपल्याकडे ही सोय नसलेली गाडी मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. लिफ्ट कमी वेगालाच चालते म्हणून ब्रेकर दिसल्यावर आधी वेग कमी करा आणि मग बटण. लिफ्ट लावूनही शंका वाटली तर गाडी तिरकी घ्या, एका वेळी एकच चाक चढेल अशी, आणि मागून बाइकवाला त्या मोकळ्या बाजूने घुसत नाहीये ना ते आरशात बघून मगच. सोसायटीच्या बेसमेंटचा उतार, मॉलचं रॅम्प, स्टॅक पार्किंगचा पाळणा, हे पहिल्यांदा जाताना खाली उतरून बघा. पाळण्याची रुंदीही मोजा, आरसे सोडून गाडी १.८५ मीटर आहे.

टायरवर जरा जास्त बोलतो कारण जीव त्यावर असतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला, रबर कडक झालेलं असतं. पोर्शेने मंजूर केलेल्या टायरवर एन-झिरो, एन-वन असा शिक्का असतो, चारही टायर एकाच जातीचे आणि तोच शिक्का बघून घ्या, पुढे एक कंपनी मागे दुसरी हा प्रकार या गाडीत चालत नाही. स्टेपनी नाहीच, फक्त फेस भरायचं किट आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो, त्याने खिळ्याचं भोक बुजतं पण खड्ड्यात बाजू फाटली तर नाही, म्हणून फ्लॅटबेडवाल्याचा नंबर फोनमध्ये हवाच आणि साध्या क्रेनला गाडी अजिबात उचलू द्यायची नाही. समृद्धीला लागताना हवा थंड टायरवर तपासून घ्या, तो काँक्रीटचा रस्ता उन्हात तापतो आणि तासन्‌तास एकाच वेगात टायरही तापत जातो, निम्म्या हवेवर तिथे जाणं म्हणजे टायर फुटायला आमंत्रण.

पावसात तर आणखी जपून. मागचे टायर जवळजवळ ३०० मिलिमीटर रुंद आहेत, एवढी रुंदी साचलेल्या पाण्यावर तरंगते, त्यामुळे कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालत असली तरी जूनच्या आधी ३ च्या खाली गेलेले टायर मी काढायला लावतो. ९९२ मध्ये वेट मोड आहे, चाकाजवळचे सेन्सर पाणी उडतंय हे ओळखून सांगतात की मोड लावा, सांगितलं की लावा, त्यात कमीपणा नाही. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकलेलं आणि साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे, त्यामुळे ताम्हिणीच्या ओल्या वळणात मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी बाहेर फिरते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच, आणि वळणात पाय हलका पण स्थिर. हे एकदा अंगात भिनलं ना की या गाडीसारखी विश्वासू गाडी नाही, बाहेर पडताना पॉवर दिली की ती अशी जमिनीला धरून निघते की खरंच भरून येतं.

पेट्रोल: साधं आता ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. गाडीच्या झाकणाच्या आत कुठलं चालतं ते लिहिलेलं असतं, तेवढं पाळा. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं तर उत्तम, महाग आहे, लिटरला दीडशेच्या वर, पण महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत तेच ठेवा. शहरात पाच-सहाच्या वर अ‍ॅव्हरेजची अपेक्षा नको.

उभी ठेवायची असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा. बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचं लॅच विजेवर, म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही! त्यासाठी पायापाशी फ्यूज बॉक्समध्ये एक टर्मिनल बाहेर ओढता येतं, तिथे बाहेरून करंट देऊन डिकी उघडते, हे घरी निवांत एकदा करून बघा, रात्री अकराला पार्किंगमध्ये मॅन्युअल शोधायची वेळ येऊ नये. सोसायटीत रोज गाडी पुसणाऱ्या दादांना पैसे तेवढेच द्या पण कोरडं फडकं मारू नका म्हणून सांगा, धुळीवरून फडकं फिरलं की रंगावर गोल गोल चरे उमटतात. लहान मुलं जवळ आली तर हाकलू नका हो, आत बसवा, फोटो काढू द्या.

किल्ली. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्शे टायकानने दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव घेतला. पुण्यात ही गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला त्या घटनेची आठवण लोकांच्या नजरेत दिसते आणि दिसायलाच हवी. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर कायद्याने पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द. पण कायदा बाजूला ठेवा. घरात मुलं मोठी होत असतील तर किल्ली कुलपात ठेवा, मित्राला एक राउंड मारू दे म्हणून देऊ नका, व्हॅले पार्किंगला देऊ नका, प्यायलात तर कॅब. बाइकवाले शेजारी येऊन रेस करून डिवचतात, त्यांना पुढे जाऊ द्या, मोबाईलवर शूटिंग करत लेन कापणारे असतात त्यांच्यापासून तर लांबच राहा.

वेगाची हौस असेल, आणि ती असणारच, तर ट्रॅकवर जा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे, चेन्नईजवळ आणि कोइंबतूरला ट्रॅक आहेत, आणि इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे जिथे कार्यक्रम असला की बाहेरच्या गाड्यांना संधी मिळते. साधा इन्शुरन्स रेसिंग आणि स्पीड टेस्टला लागू होत नाही, हे कळूनच जा. निघायच्या आधी ब्रेक फ्लुइड ताजं करून घ्या, दोन वर्षं जुनं फ्लुइड पाणी शोषतं, तापल्यावर उकळतं आणि पेडल खाली बसतं. प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता सावकाश मारा, मगच पिटमध्ये या. टायर तापले की प्रेशर चढतं म्हणून तिथे हवा काढतात, ती संध्याकाळी टायर निवल्यावर परत भरून घ्या, मगच सामान टाकून हायवेला लागा.