सागाखालची घाणेरी उपग्रहातून शोधताय? या चुका टाळा

ताडोबा-मेळघाटसारख्या पानझडी जंगलात सागाखाली घाणेरी (लॅन्टाना) कुठे माजली आहे, हे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून बरेचसे कळते. नकाशा फसतो तो बहुतेकदा तारीख चुकल्यामुळे.

पावसाळा सरला, आभाळ मोकळे झाले, की ऑक्टोबरची स्वच्छ प्रतिमा उचलली जाते. तेव्हा साग पानांनी भरलेला असतो. एक चौरस मीटर जमिनीवर चार चौरस मीटर पाने आहेत आणि सूर्य माथ्यापासून ३० अंश कललेला आहे, असे धरा. ऊन थेट खाली पोचण्याची शक्यता सुमारे १० टक्के, आणि तिथून परतलेला उजेड सरळ वर निसटण्याची साधारण १३. गुणाकार दीड टक्क्याच्याही आत! अशा प्रतिमेत तुम्ही सागच मोजता. पाने एक चौरस मीटरवर आली की हाच गुणाकार ३४ टक्क्यांच्या घरात जातो. (पाने एकसारखी विखुरलेली मानून हा हिशेब आहे, झुबक्यांमुळे खरी फट थोडी जास्त असते.)

पानगळ दर वर्षी एकाच आठवड्यात होत नाही. म्हणून माहितीतल्या शुद्ध सागाच्या तुकड्याचा एनडीव्हीआय (लाल आणि निकट-अवरक्त, म्हणजे लालपलीकडच्या न दिसणाऱ्या, उजेडाच्या परावर्तनावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) जानेवारीपासून काढा आणि तो तळाला टेकतो तिथल्या दोन-तीन तारखा घ्या. एकट्या मे महिन्यावर विसंबू नका, फार कोरड्या उतारावर घाणेरीही पाने टाकते. डिसेंबरही नको: उपग्रह साडेदहाच्या सुमारास जातो तेव्हा सूर्य माथ्यापासून जवळजवळ ५० अंश कललेला असतो, आणि खोडांच्या सावल्याच जमीन झाकतात.

उन्हाळ्यातले सगळे हिरवे घाणेरीचे नसते. तेंदूच्या झुडपांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि साधारण दीड महिन्यात नवी पाने तयार होतात. म्हणजे तेंदूच्या एनडीव्हीआयचा आलेख मार्च ते एप्रिल चढतो, घाणेरीचा तसा चढत नाही. एकाच तारखेवर हा फरक दिसणारच नाही. नाल्याकाठची जांभळे मात्र वरच्या थरातच हिरवी असतात. तो पट्टा आधीच वगळा. वणव्याने काळे पडलेले तुकडेही.

आकड्यांची चूक शांतपणे घात करते. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत सेंटिनेल-२ च्या पिक्सेलच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. लाल पट्ट्यात १४५० आणि निकट-अवरक्तात ३२०० असेल तर १००० वजा करून १०,००० ने भागल्यावर खरे परावर्तन ०.०४५ आणि ०.२२, एनडीव्हीआय ०.६६. वजाबाकी विसरलात तर तोच पिक्सेल ०.३८ दाखवतो, आणि दाट घाणेरी विरळ ठरते. गूगलच्या 'अर्थ इंजिन' या ऑनलाइन सेवेत 'हार्मोनाइज्ड' संग्रह घेतला तर ही वजाबाकी आधीच झालेली असते. तिथे पुन्हा करू नका.

जमिनीवरच्या पडताळणीसाठी एकच झुडूप पुरत नाही. झाडांखाली मोबाइलचे जीपीएस ५ ते १० मीटर सहज चुकते, पिक्सेल १० मीटरचा. किमान ३० × ३० मीटर सलग घाणेरीचा तुकडा निवडून मधोमध नोंद घ्या. स्पेक्ट्रोमीटर (परतलेला उजेड रंगनिहाय मोजणारे यंत्र) वापरत असाल तर तुलनेसाठीचा पांढरा संदर्भफलक बाहेरच्या उन्हात नव्हे, झुडपाच्याच उंचीवर, त्याच सावलीत धरा. ऊन-कवडसे सरकत राहतात, म्हणून प्रत्येक मोजणीआधी फलकाचे वाचन नव्याने घ्या.