ऑस्ट्रेलियासाठी बांधलेले जुने अवजड ट्रक ओळखताना या चुका टाळा

जुन्या ट्रकच्या विक्रीच्या जाहिरातीत मॉडेलचे नाव, साल आणि 'दुर्मीळ' हा शब्द ठळक अक्षरांत असतो. पण त्यातले नाव बहुधा समोरच्या जाळीवरच्या नावपट्टीवरून आणि साल केबिनच्या तोंडवळ्यावरून ठरवलेले असते. ऑस्ट्रेलियातील गाड्यांच्या बाबतीत ही रीत हमखास फसते, कारण तिथे काही केबिन दशकानुदशके जवळपास तशाच राहिल्या, इंजिने मात्र सर्रास बदलली गेली, आणि लांबी व वजनाच्या स्थानिक नियमांपायी परदेशी मॉडेलांचे खास अवतार निघाले.

केबिनवरून साल ठरवण्याची चूक सर्वाधिक होते ती इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रकांबाबत. व्हिक्टोरिया राज्यातील डँडेनाँगच्या कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'एएसीओ' तयार होऊ लागला. हे नाव 'ऑस्ट्रेलियन ए-लाइन कॅब ओव्हर' या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे; ए-लाइन ही कंपनीची ट्रकमालिका आणि कॅब ओव्हर म्हणजे इंजिनाच्या वर बसवलेली केबिन. त्यानंतरच्या 'एसीसीओ'मध्ये ए-लाइनची जागा सी-लाइनने घेतली. जुन्या चौकोनी केबिनला तिथले चालक 'बटरबॉक्स' म्हणतात आणि ती ओळखणे सोपे असते. खरी गफलत पुढच्या केबिनमुळे होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ती केबिन, १९९२ मध्ये कंपनीचा ऑस्ट्रेलियातील व्यवसाय इव्हेको या इटालियन कंपनीकडे गेल्यानंतरही, किरकोळ फेरफारांसह २०१९ पर्यंत चालू राहिली. त्यामुळे 'चेहरा जुना म्हणजे गाडी जुनी' हा निष्कर्ष दोन-तीन दशकांनी चुकू शकतो.

याच्या उलट चूक व्होल्वोबाबत होते. एफ८८ आणि जी८८ यांची केबिन सारखीच दिसते, त्यामुळे फोटोवरून प्रत्येक गाडीला एफ८८ म्हटले जाते. प्रत्यक्षात जी८८ मध्ये पुढचा ॲक्सल सुमारे ३० सेंटीमीटर पुढे सरकवलेला आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतरावरून किती भार नेता येईल हे ठरवणारे नियम जिथे लागू होते, तिथे ही रचना उपयोगी पडली, आणि ऑस्ट्रेलिया ही तिची मोठी बाजारपेठ ठरली. शंका आल्यास पट्टीवरचे अक्षर वाचत बसू नये. टेप घेऊन पुढच्या बंपरपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे आणि तिथून मागच्या पहिल्या ॲक्सलपर्यंतचे अंतर मोजावे आणि ते कारखान्याच्या आराखड्याशी ताडून पाहावे. पट्टी दहा मिनिटांत बदलता येते. ॲक्सल सरकवणे तितके सोपे नाही.

स्टिअरिंग उजवीकडे आहे म्हणजे गाडी ऑस्ट्रेलियन, हेही गृहीत धरू नये. ब्रिटन, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतही स्टिअरिंग उजवीकडेच असते, शिवाय अमेरिकेतून आणून नंतर बदललेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. नावांच्या बाबतीत आपल्याकडची आठवण उपयोगी पडेल: कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे ट्रक डॉज आणि फार्गो अशा दोन्ही नावांनी रस्त्यावर होते. ही दोन्ही नावे ज्या अमेरिकी कंपनीची, त्या क्रायसलरने ऑस्ट्रेलियातही तेच केले, तेव्हा तिथला फार्गो दिसला की त्याला वेगळी जात समजू नये.

केनवर्थ या अमेरिकी कंपनीच्या ट्रकांबाबत साल आणि ठिकाण दोन्ही तपासावे लागतात. मेलबर्नजवळच्या बेजवॉटर कारखान्यातून पहिला ट्रक १९७१ मध्ये बाहेर पडला. 'ग्रे घोस्ट' या टोपणनावाने ओळखली जाणारी ती के१२५ होती. त्याआधीच्या गाड्या अमेरिकेतून आणलेल्या किंवा सुट्या भागांतून जोडलेल्या होत्या. 'एसएआर' ही अक्षरे मात्र अस्सल तिथली आहेत: शॉर्ट बॉनेट, ऑस्ट्रेलियन, राइट-हँड ड्राइव्ह. एकूण लांबीच्या मर्यादेत ट्रेलर बसवण्यासाठी बॉनेट आखूड केले, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. २०१५ पासून याच कंपनीने 'लेजंड' नावाने जुन्या वळणाचे नवे ट्रक काढले आहेत. दुरून पाहणारा त्यांना सहज सत्तरच्या दशकात नेऊन बसवतो.

क्रमांकाविषयीचा एक गैरसमज महागात पडतो. चासीवर अक्षरे आणि अंक मिळून १७ खुणांचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) नाही म्हणून गाडी बनावट ठरवली जाते. पण ऑस्ट्रेलियात तो १९८९ पासून सक्तीचा झाला, आणि त्याआधीच्या गाड्यांवर कंपनीच्या पद्धतीचा छोटा क्रमांक असणे स्वाभाविक आहे. उलट, १९७४ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीवर ६ ने (म्हणजे ऑस्ट्रेलियन बनावटीच्या आकड्याने) सुरू होणारा १७ अक्षरी क्रमांक आढळला, तर सावध व्हावे. क्रमांक चासीच्या लोखंडावरच वाचावा. त्या जागेवरचे ग्रीस रॉकेलने पुसावे, रंगाचे थर हलक्या हाताने काढावेत, त्यावर खडू घासावा आणि बॅटरीचा झोत समोरून न टाकता आडवा धरावा. म्हणजे ठशाच्या कडा उठून दिसतात. ग्राइंडर चुकूनही लावू नये. दारातील पाटी हा दुय्यम पुरावा मानावा, कारण दारे बदलतात.

इंजिनाचा क्रमांक फक्त इंजिनाविषयी सांगतो. डेट्रॉइट डिझेल कंपनीच्या ६व्ही-७१ या इंजिनाच्या नावातला ७१ हा प्रत्येक सिलिंडरच्या घन इंचांचा आकडा आहे. त्याला ट्रकचे मॉडेल किंवा साल समजणारे लोक मी पाहिले आहेत. मॅकच्या बॉनेटवरील सोनेरी बुलडॉगचेही तसेच. इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल हे सारे मॅकचे असल्याची ती खूण. पण तो कुत्रा काढून दुसऱ्या गाडीवर बसवायला पाना पुरतो.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो 'लीडर'वर. क्वीन्सलँडमधील टूवूम्बा येथे सिरिल अँडरसन यांनी १९७२ ते १९८४ या काळात हे ट्रक बांधले. इंजिन आणि गिअरबॉक्स इतर कंपन्यांचे असल्यामुळे अनोळखी माणूस त्यांना गॅरेजात जुळवलेली जोडगाडी समजतो आणि भंगाराच्या भावाने काढून टाकतो. सिडनीच्या रॉबर्ट फ्रेडरिक व्हाइटहेड यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या 'आरएफडब्ल्यू'चीही हीच गत होते. अशी नावपट्टी नसलेली गाडी समोर आली, तर बॉनेटच्या पुढच्या कडेवर रंगाखाली बुजवलेली भोके बोटाने चाचपावीत. त्यांच्यामधली अंतरे कागदावर उतरवून घ्यावीत आणि ओळख पटलेल्या गाडीच्या नावपट्टीशी ती जुळतात का, हे पाहावे.